आई काही मागत होती का?

आई गेली त्या दिवशी मी कॅनडात होतो. रात्रपाळी करून घरी आलो होतो, गांजा ओढला होता, आणि ताईचा फोन आला. इकडे सकाळ होती, पुणतांब्यात संध्याकाळ. चुलतभावाने मोबाईल धरला आणि गोदावरीच्या काठावरचं सगळं मी स्क्रीनवर पाहिलं. मला रडू आलं नाही. फोन बंद झाल्यावर डबीत उरलेला गांजा मी कमोडमध्ये टाकला आणि पाणी सोडलं. त्यानंतर मी ओढलेला नाही.

जाता का आलं नाही, हे गावाकडे अजून विचारतात. माझे व्हिसाचे कागद नूतनीकरणात अडकले होते. निघालो असतो तर परत येता येईल की नाही, हे कोणी सांगत नव्हतं. इकडे आलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गावाकडच्यांना कितीही सांगितलं तरी त्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न राहतो, आणि तो बरोबरच असतो.

मी घर सोडलं ते पुणतांबा स्टेशनवरून. आईने आमच्या बागेतल्या पेरूंची एक पिशवी भरून आणली होती, प्रत्येक पेरू वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "अगं, इमानात काय पेरूचा टेम्पो घालायचा हाय का त्यानं?" आई म्हणाली, "मुंबईपतुर तर खाईल." गाडी दिसायला लागल्यावर तिने तब्येतीचं, जेवणाचं काही सांगितलं नाही. तिला माझी खोड माहीत होती. लहानपणापासून मी पुस्तक घेऊन जागत बसायचो आणि ती येऊन दिवा घालवायची. ती म्हणाली, "तिकडं झोपत जा. झोपंचं खोबरं करून कोन साहेब झाला न्हाई."

तिचं ऐकायचं म्हणून मी ओढायला लागलो, असं म्हटलं तर ते अर्धं तरी खरं आहे. वेअरहाउसमध्ये रात्रपाळी मिळाली आणि झोप उडाली. दिवसा पडदे ओढून पडायचो. शेजारी व्हॅक्यूम क्लीनर चालायचा. खोलीत सोबत राहणाऱ्या मुलाने एकदा गांजाची सिगारेट पुढे केली, मी घेतली, आणि संध्याकाळी जाग आली. आमच्या गावात गांजा म्हणजे महादेवाच्या देवळामागे चिलीम घेऊन बसलेली माणसं आणि त्यांच्याकडे पाहून आप्पांनी उच्चारलेला एक शब्द: गांजेकस. इथे बसस्टॉपसमोर त्याचं दुकान होतं, मेडिकलसारखं स्वच्छ. काउंटरवरची मुलगी साडीच्या दुकानातल्यासारखी एकेक प्रकार उलगडून सांगायची. सगळे त्याला वीड म्हणत. मीही वीड म्हणू लागलो. त्या शब्दात आप्पांचा आवाज नव्हता.

काही वर्षं मी तशी झोप घेतली. आई फोनवर विचारायची, "झोप लागती का रं?" मी म्हणायचो, "मस्त." ते खरं होतं. एवढंच की त्या झोपेत काही दिसायचं नाही. पडायचो आणि उठायचो. मधे काहीच नसायचं.

सोडल्यावर काय होतं, याची मला कल्पना नव्हती. दारूचं लोक सांगतात. याचं कोणी सांगत नाही, उलट याची सवयच लागत नाही असं म्हणतात. मला थंडीत घाम फुटायचा, बनियन पिळून निघेल इतका. जेवणाचा वास नको वाटायचा. बरोबर काम करणारा माणूस सफरचंद खायला लागला की त्या आवाजाने डोकं फिरायचं. पण हे सगळं परवडलं. थकवा परवडला नाही. काम करून आलेला थकवा मला माहीत होता, पेरूच्या तोडीत पाठ धरायची तोही माहीत होता. तो झोपल्यावर उतरतो. हा झोपून उठल्यावर माझ्या आधी उठून बसलेला असायचा. एक मोजा घालून दुसरा हातात धरून मी तसाच बसून राहायचो. पुस्तकाचं एकच पान पुन्हा पुन्हा वाचायचो आणि खाली आल्यावर वर काय होतं ते आठवायचं नाही. कामावरचे लोक हळू आवाजात म्हणायचे, आई गेली त्याची. रात्रपाळीऐवजी सकाळची पाळी दिली, एकाने डबा आणून दिला. मी तो घेतला. यातलं आईचं किती आणि गांजाचं किती, हे मलाच वेगळं करता येत नव्हतं.

मग स्वप्नं सुरू झाली.

पहिल्यांदा आई आली ती माझ्या इथल्या बाल्कनीत. बाहेर बर्फ पडत होतं आणि ती अनवाणी बसून पेरू निवडत होती, हातभर अंतरावर, बांगड्यांचा आवाज येईल इतकी खरी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "लई गारठा हाय रं तुज्याकडं." मी ओलाचिंब होऊन जागा झालो आणि तेव्हा रडलो. नदीकाठी जे व्हायचं होतं ते तिथे झालं.

डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, गांजाने स्वप्नं दबलेली असतात. थांबवला की उसळून वर येतात. काही आठवडे चालेल, मग कमी होईल. काळजीचं कारण नाही. मी मान हलवली. कमी होईल, हे त्यांनी मला दिलासा म्हणून सांगितलं होतं.

त्या दिवसांत ताई सांगायची की आप्पा बाजेवरून उठत नाहीत. ताई कोपरगावला शिक्षिका आहे. शनिवारी जाऊन घर आवरून यायची. "बागेकडे फिरकत नाहीत. अंघोळीला सुद्धा सांगावं लागतं. नुसते थकलोय म्हणतात," ती म्हणाली. जगाच्या दोन टोकांना आम्ही दोघं बापलेक आडवे पडलो होतो. रविवारी इकडच्या सकाळी मी फोन करायचो आणि आम्हाला बोलायला काही नसायचं. असाच एकदा काहीतरी बोलायचं म्हणून मी बाल्कनीतलं स्वप्न सांगितलं.

 आप्पांनी विचारलं, "काही मागत हुती का?"

आमच्याकडे असं मानतात की गेलेलं माणूस स्वप्नात येतं ते काहीतरी राहिलं म्हणून. ते काय मागतंय ते ओळखायचं आणि कुणाला तरी देऊन टाकायचं. आप्पा असल्या गोष्टींना हसणारे. मी म्हणालो, "मागितलं नाही काही. थंडी वाजत होती तिला."

दुसऱ्या दिवशी ते बाजेवरून उठले, बाजारात जाऊन घोंगडी आणली आणि घाटावरच्या देवळाबाहेर बसणाऱ्या म्हातारीला दिली. ताई फोनवर रडतच होती. "पायी गेले रे. शर्ट बदलून गेले."

मग दर रविवारी तोच प्रश्न. एकदा आई दारात उभी राहून म्हणाली होती, "मोटार चालूच ठिवली का रं?" आप्पा बागेत जाऊन बघून आले. "मोटार बंदच हाय," ते म्हणाले. "पन गेलोच हुतो तर पानी दिलं. गवात लई माजलंय. मानसं लावावी लागत्याल." एकदा तिने चहा मागितला. आप्पांनी स्वतः केला, एक कप तिच्या फोटोसमोर ठेवला, आणि निवल्यावर प्यायले. "साखर जास्त झाली," म्हणाले, "ती असती तर बोलली असती."

एकदा म्हणाले, "तुज्याकडंच येती. मी हितं तिच्याच घरात झोपतो, मला न्हाई दिसत." त्यात तक्रार नव्हती. पण त्यानंतर मला रविवारची भीती वाटू लागली.

त्याच सुमारास एकदा कामावरून परतताना मी गांजाच्या दुकानासमोर उतरलो. थकव्याने रडकुंडीला आलो होतो. एकदाच, आज फक्त झोपायचं, असं म्हणत रस्ता ओलांडला. काचेच्या दारावर हात ठेवला तेव्हा मनात आलं: ओढली तर झोप लागेल, पण आई येणार नाही. आणि मग आप्पांना काय सांगू? मी पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेलो. आप्पांना वाटायचं, मी त्यांना आई आणून देतो. मला ती त्या दारातून परत फिरवत होती.

आणि मग मी बरा होऊ लागलो. एके दिवशी पुस्तकाचं एक प्रकरण वाचून संपवलं आणि ते संपल्यावर कळलं. भूक लागू लागली. घाम थांबला. स्वप्नं पुसट झाली. आई पाठमोरी दिसू लागली, मग दुसऱ्या खोलीत असल्यासारखी, मग एका सकाळी मी उठलो आणि रात्रीत काहीच नव्हतं. पूर्वीसारखं रिकामंही नव्हतं. नुसती झोप होती. त्या दिवशी मला बरं होण्याचा धसका बसला.

त्या रविवारी आप्पांना नुसतं नाही म्हणालो. पुढच्या रविवारपर्यंत मी एक स्वप्न मनात तयार केलं. आई पुरणपोळी मागते आहे, असं. आप्पा ताईला करायला सांगतील, शेजारपाजारच्यांना बोलावतील, घरात चूल पेटेल. सगळं नीट जुळवलं होतं.

"आली हुती का?" आप्पांनी विचारलं. मागे पाखरांचा आवाज होता. ते बागेत होते.

"नाही," मी म्हणालो.

"बरं. मागच्या आठवड्यात बी न्हाई आली."

"आता येणार नाही बहुतेक."

"का रं? तब्येत बरी हाय ना तुजी?"

"तब्येत बरी झाली म्हणूनच, आप्पा."

मग सांगावंच लागलं. वीड हा शब्द त्यांना कळला नसता. मी गांजा म्हणालो. केव्हापासून, कशासाठी, आई गेली त्या दिवशी काय केलं, आणि डॉक्टर काय म्हणाल्या. बोलताना माझी नजर भिंतीवर होती.  

"दुकानात मिळतो म्हनतो?" आप्पांनी विचारलं.

"हो."

"बिलासकट?"

"बिलासकट."

"मंग हितल्या बाबालोकांना सांगाया पायजे, पासपोर्ट काढा म्हनून."

ते हसले नाहीत, मीही नाही. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "म्हंजी तुजी आई यावी तर तू आजारी पायजे. आसंच ना?"

"तसंच म्हणायचं."

"मंग न्हाई आली तरी चालंल."

 मला वाटलं होतं ते घोंगडीचं विचारतील, फुकट गेली का म्हणून. ते आपणहून म्हणाले, "ती म्हातारी पांघरती ती घोंगडी. काल बघितली मी." आणि मग, "ओढू वाटतंय का अजून?"

"कधी कधी. थकलो की."

"थकलास की फोन कर. रविवारच पायजे आसं न्हाई."

माझे कागद आता झाले आहेत. पेरूच्या हंगामात जाऊन येणार आहे. जायचं म्हटलं की पूर्वी डोळ्यांसमोर स्टेशन यायचं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले पेरू. आता त्या बागेत एक माणूस दिसतो, कानाला मोबाईल लावलेला. इकडची खोली पूर्वी झोपायची जागा होती. आता तिथे पुस्तकं आहेत आणि बाल्कनीत एक खुर्ची आहे. तिच्यावर मी बसत नाही.

मी ओढत नाही. थकवा अधूनमधून येतो आणि जातो. आई स्वप्नात येत नाही. आप्पा फोन करतात आणि आधी एकच विचारतात, झोप लागती का रं. मी लागते म्हणतो. ती लागते.