मालक सोबत आहेत का?

स्वतःची गाडी घेऊन परदेशात जायची हिंमत आख्ख्या पारोळ्यात फक्त माझ्यात होती. गाडी माझी नाही, हे मला सीमेवर गेल्यावर कळलं.

म्हणजे हप्ते मी फेडले, डिझेल मी टाकतो, रविवारी बादली घेऊन धुतो मी. पण आरसी बुकावर नाव नानांचं. नाना म्हणजे माझे वडील. आमच्याकडे पद्धतच तशी. घरातला मोठा माणूस धडधाकट असताना पोरानं स्वतःच्या नावावर काही घेतलं, की दुसऱ्या दिवशी गल्ली विचारते, "काय भाऊ, वाटे पडले का?" त्या एका प्रश्नाला घाबरून मी आयुष्यात काहीच माझ्या नावावर घेतलं नाही. घर नानांचं. मंडपाचा धंदा मी करतो, खांब मी रोवतो, लोकांच्या लग्नात उष्ट्या पत्रावळींखालून सतरंज्या मी ओढतो, पण टेम्पोवर नाव नानांचं, खाली 'आणि सन्स'. त्या सन्समधला एकुलता एक मी. मोबाईलचं सिमसुद्धा नानांच्या नावावर आहे. उद्या मी हरवलो तर पोलीस नानांना शोधतील.

बायकोला पशुपतिनाथ बघायचा होता. लग्न झाल्यापासून तिनं तोंडानं मागितलेली ही एकच गोष्ट. साडी नाही, सोनं नाही. मला ते जमायचं नाही हे तिला आधीच दिसलं असेल. गल्लीतली चार माणसं रेल्वेनं गोरखपूर आणि पुढे बसनं जाऊन आली होती. मी म्हटलं, छट्, आपण काय भिकारी आहोत? आपण आपल्या गाडीनं! मग मी हे न्हाव्याकडे सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, एका हळदीत माईक तपासताना "हॅलो, हॅलो, नेपाळ, नेपाळ" असं करून नवरीच्या मामालाही सांगितलं. निघायच्या दिवशी गाडीला हार घातला, नारळ फोडला. नाना ओट्यावर बसले होते. बाकी सगळे "सांभाळून जा" म्हणाले, नाना म्हणाले, "आरसा संभाळजो." डावा आरसा. तो मी दोनदा फोडलाय. एकदा आमच्याच फाटकावर.

धुळ्याहून सेंधव्याचा घाट चढलो, इंदूर केलं, झाशी, कानपूर, मुक्काम करत करत गोरखपूरच्या पुढे सीमेवर आलो. वाटेभर मी बायकोला परदेशात कसं वागायचं ते शिकवत होतो. ती दशमी खात ऐकत होती.

आता तिथली गंमत ऐका. माणसाला तिकडं जायला काही लागत नाही. मतदानाचं कार्ड खिशात ठेवा आणि चालत जा. सायकलरिक्षा जात होत्या, भाजीवाल्या बाया जात होत्या, एक बोकड तर माझ्या डोळ्यादेखत परदेशात जाऊन, काहीतरी खाऊन परत आला. त्याला कोणी विचारलं नाही. कागद लागतो तो गाडीला. त्यांच्या जकातीच्या कचेरीला तिकडे भन्सार म्हणतात. गाडी तिकडं जितके दिवस राहणार तितक्या दिवसांची पावती फाडायची, ती काचेला लावायची आणि सुटायचं.

मी रांगेत उभा राहिलो. छाती पुढे. खिडकीतल्या साहेबानं आरसी बुक बघितलं, माझं लायसन्स बघितलं, परत आरसी बुक बघितलं.

"मालिक कौन है?"

"मैं."

"इसमें तो दूसरा नाम है."

"वो हमारे पिताजी हैं. एकही बात है."

"एक बात नहीं है, भाई. पिताजी साथ में हैं?"

"घर पे हैं."

"तो उनसे लिखवा के लाओ, कि गाड़ी ले जाने की अनुमति देते हैं."

माझं डोकंच फिरलं. मला सांगा, पन्नाशी उलटलेला माणूस, डोक्यावर एक केस नाही, मला जावई यायची वेळ झाली, आणि मी वडिलांची चिठ्ठी आणायची? लहानपणी मास्तर म्हणाले होते, वडिलांची चिठ्ठी आण, तर मी शाळाच सोडली. तेव्हापासून अक्षरं ओळखतो ती एसटीच्या पाटीपुरती. आणि आता हा परदेशातला मास्तर!

मी खिडकीवर हात आपटला. काच जाड होती. हात माझाच सुजला.

"ऐसे कैसे नहीं छोड़ते?" मी ओरडलो. "मेरे बाप की गाड़ी है!"

"वही तो मैं बोल रहा हूँ," साहेब म्हणाला.

मागची रांग हसली. मी बाजूला झालो आणि नानांना फोन लावला. संतापात स्पीकर चालू झाला आणि मला तो बंद करता येत नाही, म्हणून पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"नाना, एक चिठ्ठी लिखी दे. गाडी लयी जावाले परवानगी शे म्हनीन."

नाना म्हणाले, "पन तू तं बठ्ठा गावले सांगं, गाडी मनी शे."

"हा, सांगं." गाडी माझी, हे मी सगळ्या गावाला सांगितलंच होतं.

"तुनी शे ना? मंग मनी चिठ्ठी कसाले?"

आणि फोन ठेवला. मी परत लावला, उचलला नाही. परत लावला. उचलला आणि लगेच ठेवला. तो म्हातारा तिकडं ओट्यावर बसून किती खूश झाला असेल, ते मला इथून दिसत होतं. त्याच्या मालकीवर दुसऱ्या देशाच्या सरकारनं शिक्का मारला होता!

मी गाडीत येऊन बसलो आणि जो सुटलो तो विचारू नका. नानांना बोललो, त्या साहेबाला बोललो, आरसी बुकाला बोललो, बोकडाला बोललो. आयुष्यभर मी या घरात हमाल! कष्ट माझे, नाव त्यांचं! मी मेलो तरी डेथ सर्टिफिकेट नानांच्याच नावावर काढतील! शेवटी बायकोला म्हटलं, "चल, वळवतो गाडी. फार अपमान झाला."

"तुमचा झाला," ती म्हणाली. "माझा कुठे झाला?"

"अगं, पण..."

"तुम्ही वळवा. मी पशुपतिनाथ बघितल्याशिवाय येत नाही. तिकडून बस असतात म्हणे." आणि खरंच पिशवी घेऊन खाली उतरली. मला वाटलं, निघालीच आता बोकडाच्या मागोमाग. पण झाडाखाली उभी राहून तिनं नानांना फोन लावला. तिचा उचलला! चांगलं बराच वेळ बोलणं झालं. मध्ये ती पदर तोंडाला लावून हसली. मला ते हसणं पटलं नाही, पण विचारायला तोंड कुठं होतं?

थोड्या वेळानं तिच्या मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो आला. नानांचं अक्षर, खाली सही, सोबत आधार कार्ड. समोरच्या दुकानातून मी त्याचा कागद काढून घेतला. नानांचं हातचं अक्षर मला वाचता येत नाही, आणि बायकोला वाच म्हणायला मला लाज वाटली. खाली सही आहे एवढं बघितलं, परत छाती पुढे केली आणि कागद खिडकीतून आत सरकवला. "लो. अब बोलो."

एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. तिकडची लिपी आपलीच आहे. साहेबाला मराठी सगळी कळत नसेल, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. आणि तो मोठ्यानं वाचायला लागला.

"मी, सदर वाहनाचा मालक, माझी सून हिला सदर वाहन नेपाळ देशात नेण्यास व चालवण्यास परवानगी देत आहे. मुलगा सोबत आहे. त्याचे हाती वाहन देऊ नये."

रांगेत माझ्या मागे अमरावतीकडचं एक कुटुंब होतं. साहेबाच्या आधी ते हसलं.

"सून मतलब बहू?" साहेबानं विचारलं. "बहू किधर है?"

बहू मागेच उभी होती, लायसन्स हातात घेऊन. नानांचे गुडघे गेल्यापासून त्यांना जळगावला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि मी नेहमी कुठल्यातरी मंडपात. म्हणून नानांनी सुनेला गाडी शिकायला घातली. ती क्लासला जायची तेव्हा मी ओट्यावर उभा राहून हॉर्नचे आवाज काढायचो.

"हे तू सांगितलंस त्यांना?" मी दात खाऊन विचारलं.

"मी म्हटलं, नाना, परवानगी द्या. कोणाला, ते काही मी बोलले नाही."

"मग हसलीस कशाला?"

"ते म्हणाले, त्याच्या हाती दिली तर आरसा देवालाच वाहून येईल."

पावती तिच्या नावानं फाटली. साहेबानं मला किल्ली तिला द्यायला लावली, सगळ्यांसमोर. मी दिली, पण बोटं लवकर सुटली नाहीत. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, सीट पुढे ओढली, आरसे नीट केले. मी डावीकडं बसलो, मांडीवर दशम्यांचा डबा. फाटकावरच्या शिपायानं काचेवरची पावती बघितली आणि तिला सलाम ठोकला. मला नाही.

फाटक ओलांडलं तसा मी परत पेटलो. हातवारे करून म्हणालो, "घरी गेल्या गेल्या सगळं माझ्या नावावर करून घेणार! गाडी, घर, टेम्पो, सिमकार्ड, सगळं! गल्लीला म्हणू दे वाटे पडले! मी आता कोणाच्या बापाचं ऐकणार नाही!"

तिनं रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"बरं. आधी तुमच्याकडचं दार नीट लावा," ती म्हणाली. "गाडी माझ्या पावतीवर आहे."