कडूबाचा खांब

गोजरबाई चुलीवर भाकरी टाकत होती आणि उकंडराव अंगणात दात घासत बसले होते, तेव्हा अंगणाच्या दारावर थाप पडली. सकाळची थाप त्या घराला नवी नव्हती. उकंडराव गावातल्या टेलिफोन केंद्राचे लाइनमन. कुणाचा फोन मुका झाल्याशिवाय त्यांचं दार एवढ्या सकाळी कोण वाजवणार?

दारात हिंमतराव. केंद्रातला ऑपरेटर, बारा वर्षांचा दोस्त. हातात खाकी पाकीट.

"कोणता नंबर गेला रे?"

"नंबर नाही गेला, भाऊ." हिंमतराव स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला. "तुमची बदली आली. संग्रामपूरले."

साल एकाहत्तर. गावात फोन बेचाळीस. केंद्रातल्या बोर्डाच्या कोणत्या भोकातून तार निघते, कोणकोणत्या खांबांवरून जाते आणि कुणाच्या ओसरीत उतरते, हे सगळं उकंडरावांच्या डोक्यात. खांबांना त्यांनीच नावं ठेवलेली. चिंचेचा, गुलजार शिंप्याचा, वाकड्या, कडूबाचा. जुने साहेब हसून म्हणायचे, उकंडराव आहेत तोवर नकाशा कशाला?

यंदा दिवाळीनंतर केंद्रात नवे साहेब आले आणि हिंमतराव रोज संध्याकाळी वही घेऊन येऊ लागला. "उद्या तुम्ही तापानं पडले तं मी काय करू, भाऊ? मले सांगून ठेवा." पिठलं-भाकरी खात खात तो उतरवून घेई. उकंडरावांना त्याचं कौतुकच वाटलं. डोळे मिटून त्यांनी बेचाळीसही तारांच्या वाटा सांगितल्या.

महिन्याभरात केंद्राच्या भिंतीवर तक्ता लागला. नंबर, भोक, खांब, घर. खाली ठळक अक्षरात, 'तयार करणारा : हिंमतराव'. नव्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली. आता तक्ता आहे म्हटल्यावर जुन्या माणसाला इथेच कशाला ठेवायचं?

"मी साहेबाले तुमचं नाव सांगितलं होतं, भाऊ."

"मंग तक्त्यावरून ते पुसलं कोणं?" गोजरबाई चुलीपासून कडाडली. "माह्या हातचं पिठलं खाऊन वही भरली, अन् आता पाकीट घेऊन आला! घास कसा उतरला रे तुह्या घशाखाली?"

हिंमतरावानं पाकिटाची पोचपावती पुढे केली. उकंडरावांनी सही करून दिली.

पण तक्त्यातली एक ओळ त्यांना पहिल्या दिवसापासून सलत होती. पंधरा नंबर म्हणजे दवाखाना. अडलेल्या बाळंतिणीसाठी गाडी बोलवायची ती त्याच फोनवरून. तार जाते कडूबाच्या खांबावरून. कडूबा चार वर्षांपूर्वी ते घर सोडून बाजारात राहायला गेला. खांब तिथेच राहिला आणि नावही राहिलं. हिंमतरावानं मात्र कडूबाच्या आताच्या दारासमोरचा खांब लिहून टाकला होता. तार तुटली की नवा माणूस भलत्याच खांबावर चढणार.

गोजरबाईला त्यांनी हे सांगितलं होतं. ती आता जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "बोलू नका. पडू द्या बंद. झक मारत येतीन बोलवाले."

तसं झालं असतं, हे उकंडरावांनाही कळत होतं. त्यांनी तांब्यातलं पाणी घेऊन चूळ भरली. हिंमतराव पायरी उतरला होता.

"हिंमतराव," त्यांनी हाक मारली. बारा वर्षं ते त्याला नुसतं हिंमता म्हणत आले होते. "पंधरा नंबरचा खांब चुकला. कडूबाच्या जुन्या घरासमोरचा आहे तो. तेवढं दुरुस्त करा."