भोंग्याचे कान

त्याला सगळे भोंगा म्हणत. खरं नाव होतं, पण ते पगाराच्या चिठ्ठीपुरतं. तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर ड्रिलर म्हणून त्याने जन्म काढला, आणि तिथल्या इंजिनांच्या वर ज्याचा आवाज चढे असा हा एकटाच. जमिनीच्या पोटात खोल उतरलेल्या पाइपांचं ओझं एका लोखंडी ब्रेकच्या दांड्यावर तोलून धरायचं हे त्याचं काम, आणि त्या कामाची फुशारकी मारायची हे जीवितकार्य. "माझा हात बोलतो," असं तो म्हणायचा. हात बोलत असेलही. तोंडाला मात्र कधी विसावा नव्हता.

कान केव्हाच गेले होते, आणि हे एकट्या त्याच्या बायकोला पुरतं ठाऊक होतं. कुकरची शिट्टी, दाराची बेल, नातीची पिपाणी, बारीक म्हणून जे जे असेल ते त्याच्यापर्यंत पोचतच नसे. तिने संसारात आपली पट्टीच खाली उतरवली होती. "जेवायला चला" हे ती एखाद्या हवालदारासारखं घोगऱ्या आवाजात सांगे. शेजारणीला कित्येक वर्षं वाटत होतं की बाईंचा घसा बसलाय. आणि हा काय म्हणायचा? "तू पुटपुटतेस गं फार."

रिगवर काही अडलं नाही, कारण तिथे सगळेच बहिरे. इंजिनांपुढे कोणाचं कोणाला ऐकू येत नसे, म्हणून बोलणं हातवाऱ्यांनी. खाली काय चाललंय ते पायाखालचा लोखंडी फलाट थरथरून सांगे. दरवर्षी कंपनीच्या दवाखान्यात कानांची तपासणी होई. नर्सकडे पाठ करून बसायचं, कानांवर डबडी चढवायची, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. पण समोरच्या औषधांच्या कपाटाच्या काचेत नर्सचं कोपर दिसायचं. कोपर हललं की दाबा बटण! ही विद्या एक ड्रिलर दुसऱ्याला देत आला होता. डॉक्टरलाही ती माहीत होती. पण त्यालाही "श्रवण उत्तम" लिहून वेळेवर घरी जायचं असे. उत्तम! असे हे सगळे एकमेकांना शोभणारे.

मग नवी रिग आली. पाइप उचलायला यांत्रिक हात, ते एकमेकांत पिळून घट्ट करायलाही यांत्रिक हात. फलाटावर चिटपाखरू नाही. ड्रिलरला काचेची बंद खोली, थंडगार हवा, दोन दांड्यांची खुर्ची आणि भोवती पडदे. दांडा धरून बसायचं नाही, मशीन आपलं आपण खोदतं. त्याला काही खटकलं की ते बारीकसा आवाज करतं. ड्रिलरने बटण दाबून "बघतोय" असं कळवायचं. कळवलं नाही, तर मशीन काम थांबवतं आणि वर चहाडी करतं. खुर्ची ज्यांना जमेल ते राहतील, न जमेल त्यांनी घरी जायचं. आणि भोंग्याचं घर म्हणजे कंपनीचं क्वार्टर. तेही सोडायचं.

भोंगा खुर्चीत बसला आणि सवयीने काचेबाहेर पाइपांकडे बघत राहिला. मशीन किरकिरलं. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा ठिपकाही लुकलुकला, पण पडद्याकडे पाहील तो भोंगा कसला? मशीन पुन्हा किरकिरलं, आणि मग थांबलं. एकदा नाही, सबंध आठवडाभर. वर नोंद गेली: चालक सूचनांकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करतो.

झालं! रिगवरच्या मंडळींना एक वीरपुरुष मिळाला. "भोंग्याने मशीनला भीक घातली नाही!" युनियनचा पुढारी धावतच घरी आला.

"वहिनी, दादांनी नाक राखलं आमचं. अख्खी कंपनी हादरलीय!"

"ह्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"तेच तर! कोणाचं म्हणून ऐकत नाहीत!"

हरभऱ्याच्या झाडावर चढवायला माणसं पैशाला पासरी मिळतात, उतरवायला कोणी येत नाही. पुढारी गेल्यावर ती नवऱ्यासमोर बसली, कारण समोर बसल्याशिवाय त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

"अहो, चौकशी लागलीय. सरळ सांगा, कान गेलेत. कामानेच गेलेत. दुसरं काम देतील, नाहीतर काही सोय करतील."

"मी बहिरा?"

"मग काय मी?"

"लोक हसतील."

"आणि सामान रस्त्यावर पडल्यावर टाळ्या वाजवतील?"

त्याचं गणित ठरलेलं होतं: उद्धट म्हणून हाकललं तर चालेल, बहिरा म्हणून ठेवलं तर नको. पुरुषांची अब्रू नेमकी कुठल्या अवयवात असते, हे एवढ्या वर्षांत तिला कळलं नव्हतं.

चौकशीच्या दिवशी ती त्याच्या मागोमाग गेली आणि साहेबांना दाराशीच गाठलं.

"कागदावर त्यांचे कान उत्तम आहेत, बाई," साहेब म्हणाले. "दरवर्षी."

"कागदाला विचारून बघा ना मग, हाक ऐकू येते का!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि दार लावून घेतलं. पण हल्ली खोल्या काचेच्या करायची फॅशन आहे, आणि त्या फॅशनचा निदान एकदा तरी उपयोग झाला. आत साहेब, पुढारी, मशीन बनवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर बाई, आणि मधोमध छाती काढून भोंगा. बंद दारातूनही त्याचं भाषण स्वच्छ येत होतं. "कुठल्या यंत्राने मला हुकूम सोडायचा नाही! हा हात..."

तिने पर्समधून फोन काढला आणि त्याला लावला.

त्याच्या शर्टाच्या खिशातला फोन ओरडू लागला. नातीने सुट्टीत त्यात चिमण्यांची चिवचिव भरून ठेवली होती, आणि आवाज शेवटापर्यंत वाढवला होता. साहेबांनी खिशाकडे पाहिलं. पुढाऱ्याने पाहिलं. इंजिनिअर बाईने पाहिलं. सगळे आपल्याच छातीकडे बघताहेत म्हटल्यावर भोंग्याने ती आणखी फुगवली आणि आवाज चढवला. चिवचिव थांबली. तिने पुन्हा लावला. थांबली, पुन्हा लावला. पुढारी बूट न्याहाळू लागला.

इंजिनिअर बाई उठून बाहेर आली. "किती दिवसांपासून?"

"तुमच्या जन्माआधीपासून म्हटलं तरी चालेल."

"अहो, मग सांगायचं ना! आवाज जाडा करून देते. लगेच होईल."

"आधीच का नाही केलात?"

"कोणी मागितलाच नाही."

जमिनीच्या पोटात दगड कुठे बदलतो ते या मशीनला कळतं; पण खुर्चीतल्या माणसाला ऐकू येतं का, एवढं विचारायचं त्याच्या जन्मदात्यांना सुचलं नाही. आणि खुर्चीतला माणूस सांगेल तर शपथ!

चौकशी "गैरसमज" म्हणून मिटली. कोणाचा गैरसमज, ते लिहायचं शिताफीने राहिलं. खोलीतला इशारा आता म्हशीसारखा हंबरतो, बाकीचे ड्रिलर डोकं दुखतं म्हणून कुरकुरतात. भोंगा बटण दाबतो, क्वार्टर शाबूत आहे. वीरपुरुष मात्र गेला. "बहिरा होता होय! आम्हाला वाटलं..." असं म्हणत पुढारी दुसऱ्या झाडाखाली हरभरे शोधायला गेला.

भोंग्याने बायकोशी काही दिवस अबोला धरला. तिला बरंच वाटलं, घशाला आराम. कंपनीने कानात घालायचं यंत्र दिलं होतं, ते खणात पडून राहिलं. सुंभ जळला तरी पीळ कसा जाईल?

एका रविवारी नातीचा फोन आला, तो बायकोने आणून त्याच्या हातात दिला. त्याने नेहमीसारखं "हो हो, शहाणी माझी बाय" म्हटलं आणि ठेवला.

"काय म्हणाली?" बायकोने समोर येऊन विचारलं.

"मजेत आहे म्हणाली."

"पडली ती. हात मोडलाय. "आजोबा, दुखतं का विचारा ना," असं म्हणत होती बिचारी. मला इथवर ऐकू आलं."

 तो उठला, खण उघडला, आणि ते यंत्र आधी उलटं आणि मग सुलटं कानात कोंबलं. भुवया चढल्या.

"हे काय टिकटिक करतंय?"

"घड्याळ. लग्नात आलेलं."

"तेव्हापासून वाजतंय?"

"तेव्हापासून."

"बंद कर आधी ते," तो म्हणाला आणि नातीचा नंबर फिरवू लागला.

तिने घड्याळ बंद केलं नाही.