काकूनं टाकलेलं अंडं

सुनेत्रा माझी पाठची बहीण. सख्खी. जपानमध्ये कोबे म्हणून बंदराचं शहर आहे, तिथं ती डॉक्टर आहे. माणसांची नाही, पेंग्विनांवरची. मी दहावीला गणितात आडवा झालो आणि हडपसरला मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं, पण या पोरीला शिकवली मी. क्लासला डबलसीट मीच न्यायचो. आणि करंटच्या कामात स्विच दोनदा बघायचा, हे पण तिला मीच शिकवलं. लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पेंग्विन म्हटलं की लोकांना काळा कोट घातलेला गरीब प्राणी आठवतो. सुनेत्राचे तसले नाहीत. रॉकहॉपर म्हणतात त्यांना. उंची गुडघ्याएवढी, वजन तीन किलो, डोळे लालभडक, भुवयांवर पिवळ्या पिसांचे तुरे आणि डोकं कायम तापलेलं. चालत नाहीत, दोन्ही पाय जुळवून टणाटण उड्या मारतात. दगडावर उडी, तिथून शेजाऱ्याच्या अंगावर उडी. खवळलेला समुद्र, उभे कडे आणि हातभर जागेसाठी हजारोंची हाणामारी, यात घडलेली जात. मत्स्यालयात आणून थंडगार खोलीत ठेवली, रोज ताजे मासे दिले, म्हणून रग थोडीच जाते?

पहिल्याच वर्षी व्हिडिओ कॉलवर तिचा हात कोपरापर्यंत काळानिळा.

"सुने, कुणी मारलं?"

"मासे भरवत होते दादा. एकाला द्यायला उशीर झाला. पंखानं हाणलं."

"मग तू पण एक ठेवून द्यायची!"

"तो तीन किलोचा आहे."

"आणि तू साठ किलोची!"

"हे त्याला कुणी सांगितलेलं नाही."

पंख कसला, उडता येत नाही म्हणून नुसतं हाड आणि ताकद. धोपाटणंच. तिथल्या चाळीस पेंग्विनांना जपानी लोक पंखावरच्या पट्टीच्या रंगानं ओळखायचे. सुनेत्रानं आपली नावं ठेवली. लाल पट्टीवाला पैलवान. त्याची बायको काकू, कारण आमच्या गल्लीतल्या काकूंसारखी एक भुवई वर करून बघायची. आणि काळ्या पट्टीवाला फौजदार. तो विधुर. खोलीतला खडकाआडचा कोपरा आधी त्याचा होता. या जातीत जोडीदार तोच आणि घरटं पण तिथंच, वर्षानुवर्षं. पण मादी मेली, फौजदार एकटा पडला आणि पैलवाननं त्याला चोचीनं फोडून काढून कोपरा घेतला. फौजदार तेव्हापासून रोज समोरच्या दगडावर उभा राहून तिकडं बघायचा. नुसता बघायचा.

काकू म्हातारी झालेली. तीन वर्षं तिची अंडी फुटत होती, कधी भांडणात, कधी पायाखाली. मोरिता-सान, म्हणजे मोरितासाहेब, वीस वर्षं पेंग्विन सांभाळणारे, सुनेत्राला त्यांनीच काम शिकवलेलं. त्यांनी या वर्षी सांगून टाकलं, "सुनेत्रा-सान, हे शेवटचं. पुढच्या वर्षी काकू म्हाताऱ्यांच्या खोलीत." त्या खोलीत घरटी नसतात. सुनेत्रानं मनाशी धरलं, या बाईच्या पोटाखालून एक तरी पिल्लू निघालं पाहिजे. मोरिता-साननी कोपऱ्याला कमरेएवढी जाळी लावून दिली. तिला एक दार, दाराला कडी.

आता तिथली पद्धत सांगतो. जपानी माणूस कडी नुसती लावत नाही. कडीकडं बोट करतो आणि मोठ्यांदा म्हणतो, "योशी!" म्हणजे बरोबर आहे. बादली, योशी. पाणी, योशी. कडी, योशी. ट्रेनचा ड्रायव्हर पण एकटा बसून असंच बोलतो म्हणे. सुनेत्राला सुरुवातीला लाज वाटायची, तोंडातल्या तोंडात म्हणायची. मोरिता-सान लांबून ओरडायचे, "ऐकू नाही आलं!"

एप्रिलच्या एका सोमवारी काकूनं पहिलं अंडं दिलं. सुनेत्रानं फोन केला. मी खूश. म्हटलं, "पेढे वाटतो."

"थांब. या जातीत दोन घालतात. पहिलं लहान, दुसरं चांगलं दीडपट. दुसरं आलं की आई पहिलं बहुतेक वेळा बाहेर टाकते."

"टाकते म्हणजे?"

"ढकलून देते, दादा. मोठ्यावर बसते."

"असली कसली आई! पहिलं म्हणजे पहिलं! घरचा थोरला तो!"

मी पेढ्यांचा विषय सोडून दिला.

शुक्रवारी साडेबारा वाजता दुसरं अंडं आलं, मोठं, पांढरंशुभ्र. काकू त्याच्यावर बसली, जरा स्थिरावली आणि मग चोचीनं पहिल्याला ढोसायला लागली. एकदा, दोनदा. अंडं घरट्याच्या खड्ड्याच्या काठावर आलं, कलंडलं, ओल्या फरशीवर थांबलं. पैलवाननं बघितलं आणि मान फिरवली.

नियम असा की टाकलेलं अंडं संध्याकाळी, पक्षी निवल्यावर, दोघांनी मिळून उचलायचं. मोरिता-सान आत मासे कापत होते. सुनेत्रा जाळीबाहेर उभी होती. गार फरशीवर ते एवढंसं अंडं. तिला दम धरवला नाही. दार उघडून आत शिरली. वाकली, अंडं उचललं, छातीशी धरलं. कडी तिनं लावली नव्हती. बोट केलं नव्हतं. योशी म्हणाली नव्हती.

पैलवाननं तिच्या पोटरीत चोच रोवली, रबरी बुटाच्या वर, मांसातच. ती ओरडली, पण अंडं सोडलं नाही. तेवढ्यात दार ढकललं गेलं.

फौजदार आला तो सरळ काकूच्या मानगुटीवर. मागून धरून तिला घरट्याबाहेर फरफटत नेलं, पिसं उपटली, कातडं वर आलं. पैलवान सुनेत्राला सोडून वळला. दोघांच्या चोची अडकल्या आणि पंख सुरू झाले. धप, धप, धप, ओली सतरंजी झोडपल्यासारखे. पैलवानच्या डोळ्याची कड फाटली. पांढऱ्या छातीवर लाल ओघळ. खडे उडत होते, अख्खी खोली किंचाळत होती, आणि त्या चार पायांच्या मधोमध मोठं अंडं इकडून तिकडं गरगरत होतं.

सुनेत्रानं एक हात घातला. एकच, कारण दुसऱ्यात लहान अंडं. बोटं मोठ्या अंड्याला लागली पण. तोच फौजदारनं तिच्या अंगठ्याच्या मुळाशी चोच खुपसली आणि पिळली. पकडीसारखी. रक्त मनगटावरून बाहीत गेलं. दुसरा हात मोकळा असता तर दोन्ही हातांत आलं असतं. तिच्या डोळ्यांदेखत पाय पडला, करकन आवाज झाला, आणि पिवळ्यात लाल मिसळलं.

मग मात्र तिनं फौजदारला मानेला धरून भिंतीशी दाबला. आमच्या घरातली आहे ती. त्यानं तिच्या बरगड्या झोडून काढल्या, तरी मोरिता-सान धावत येईपर्यंत सोडला नाही.

मोरिता-सान रागावले नाहीत. फौजदारला काखेत मारून बाहेर नेला, परत आले, आणि त्या उघड्या कडीकडं बोट केलं. सुनेत्राला अंगठ्याच्या पाच टाक्यांपेक्षा ते लागलं.

लहान अंडं उबवण्याच्या पेटीत ठेवलं. काकूच्या मानेला मलम लावून, पैलवानच्या डोळ्यात औषध घालून, घरट्यात प्लास्टरचं खोटं अंडं ठेवलं. सकाळपर्यंत काकू त्याच्यावर बसून राहिली तर ठीक, लहानग्याला परत नेता येईल. उठून गेली तर संपलं.

तिनं रात्री उशिरा फोन केला. "दादा, मी कडी बघितली नाही."

मी तोंड उघडलं होतं. स्विच दोनदा, हेच बोलणार होतो. पण तिचा हुंदका आला. मग विचारलं, "आता शिल्लक काय?"

"पहिलं. बारकं. तिनंच टाकलेलं."

"मग रडतेस कशाला? पहिल्यावर घर चालतं. मी दहावी नापास, तुझं कुठं अडलं?"

ती रडता रडता हसली. म्हणाली, "झोप आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुनेत्रा आणि मोरिता-सान जाळीपाशी गेले. पैलवान एक डोळा मिटलेला, पण दारातच उभा. मागं काकू बसलेली, मानेची जखम काळी पडलेली, पोटाखाली प्लास्टर. रात्रभर हलली नव्हती. सुनेत्रानं आत जाऊन कडी लावली, पट्टी बांधलेल्या हातानंच बोट केलं आणि इतक्या मोठ्यांदा "योशी!" म्हणाली की सगळ्या पेंग्विनांनी माना वळवल्या. खोटं काढलं, लहान अंडं ठेवलं. काकूनं एक भुवई वर केली. या डोळ्यानं बघितलं, त्या डोळ्यानं बघितलं. चोचीनं एक ढोसा दिला, काठाकडं. सुनेत्रानं काठाशी पट्टीचा हात आडवा धरला. मग काकूनं चोच अंड्याच्या पलीकडं टाकली, ते आत ओढलं, अंग हलवून नीट बसली, आणि सुनेत्राच्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याला कडकडून चावली.