रुक्मक्कांची गट्टी

रुक्मक्का कुठल्याही वस्तूवर आधी अंगठा रोवायच्या. बसायला खुर्ची दिली तर पाठीवर अंगठा, टेबल दिसलं तर कोपऱ्यावर अंगठा. माझ्या भावाच्या लग्नात त्यांनी मांडवाचा खांब दाबून पाहिला आणि मांडववाल्याला जेवणावरून उठवून दोऱ्या आवळायला लावल्या. मुलीकडचे लोक बघत राहिले. "बघू देत की," अक्का म्हणाल्या. "डोक्यावर पडल्यावर पण बघणारच हायेत."

त्यांना जाऊन आठ महिने झाले. त्यांच्याबद्दल लिहायचा अधिकार मला आहे का, माहीत नाही. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच, आणि आमची मराठी कन्नडात मुरलेली. पण त्यांना ओळखणारे बाकीचे बहुतेक शिंपी आहेत आणि त्यांना कामातून सवड नाही.

अग्रहार या आमच्या वस्तीत त्या आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहायच्या. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासणीचं काम केलं. तयार भाग केसाएवढाही फरक दाखवणाऱ्या डायल गेजखाली धरायचा, काटा बघायचा आणि पास की नापास ते लिहायचं. कारखाना बंद झाल्यावर त्यांनी हिनकलला पत्र्याची एक शेड घेतली आणि तिथे छोटं सीएनसी राउटर बसवलं. संगणकावर आकृती काढली की या यंत्राचं फिरतं पातं त्याच रेघेवरून लाकूड किंवा अ‍ॅक्रिलिक कापत जातं. अक्का त्यावर शिंप्यांसाठी ब्लाउजचे साचे कापायच्या. त्यांचं म्हणणं असं, "पुठ्ठ्याचा साचा कडेनं झिजतो, ब्लाउज आवळतं, आणि बोल लागतो बाईच्या जेवणाला."

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी मला प्रकल्प मिळाला तो नेमका असल्याच यंत्रांचा. विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेसाठी कॉलेजला हौशी वापराचं एक राउटर घ्यायचं होतं आणि तीन यंत्रांची तुलना मी करायची होती. पहिलं अगदी स्वस्त, बारीक दांड्यांवर सरकणारं. ते आमच्या छंद मंडळाकडे आधीच होतं. दुसरं मधल्या किमतीचं, त्याला टचस्क्रीन, लेझर, वायफाय, सगळं. तिसरं अक्कांच्या शेडमधलं. ते दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट महाग, आणि त्याला पडदासुद्धा नाही.

मी दोन रकाने आखले, किंमत आणि सोयी. दुसऱ्या यंत्राच्या सतरा सोयी भरल्या आणि कागद अक्कांना दाखवायला नेला.

"आणि गट्टी?" त्यांनी विचारलं.

"ते कसं मोजायचं, अक्का?"

"दाबून. लाकडात शिरलं की पात्याला लाकूड ढकलतं. सांगाडा तेवढ्यानं वाकला तर गोल कापायला सांगशील आणि अंडं मिळेल. मग तुझं वायफाय काय, अंडं उबवणार?"

मी तिसरा रकाना आखला. वर लिहिलं, 'गट्टी'. आमच्याकडे मजबूत, न हलणाऱ्या वस्तूला हाच शब्द. तो कन्नडातून आलाय हे मला तेव्हा सुचलंही नाही. पहिल्या यंत्राला मी दहापैकी एक गुण दिला, दुसऱ्याला तीन, अक्कांच्या यंत्राला नऊ.

माझे मार्गदर्शक सर पुण्याहून आलेले. मराठी मुलगी भेटली म्हणून त्यांना आनंद झाला होता आणि कच्चा तक्ता मराठीतच लिही, असं त्यांनीच सांगितलं होतं. तक्ता परत आला तेव्हा दुसऱ्या यंत्राचे तीन खोडून लाल शाईत नऊ केलेले होते. मला वाटलं, सरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात विक्रेता ते दुसरं यंत्र दाखवायला कॉलेजात आला. मी अक्कांना बोलावलं होतं. त्यांच्या पिशवीत डायल गेज, आणि रद्दीवाल्याकडून मागून आणलेला, आकडा लावून तोलायचा ताणकाटा. टेबलावर माझा तक्ता होता. त्यांनी चष्मा लावून तो वाचला.

"हे नऊ कुणी लिहिलं?"

"मी," सर हसत म्हणाले. "टचस्क्रीन आहे हो, मावशी. कुणाचीही याच्याशी लगेच गट्टी जमेल."

अक्का माझ्याकडे बघू लागल्या आणि मी जमिनीकडे. सरांच्या मराठीत गट्टी म्हणजे मैत्री.

"तुमची जमू दे, सर," अक्का शांतपणे म्हणाल्या. "मी आमची गट्टी बघते." त्यांनी गेज लावलं, पात्याच्या डोक्याला ताणकाट्याचा आकडा अडकवला आणि पाच किलोचा ताण दिला. गेजचा काटा पाव फेऱ्याच्या पुढे, अठ्ठावीस घरं सरकला; सांगाडा तेवढा वाकला होता.

विक्रेता म्हणाला, "मॅडम, हे हॉबी मशीन आहे."

"मग? हौसेला वाकडं चालतं म्हणून कुठं लिहून दिलंय?"

मागची मुलं हसली. सरांचा चेहरा लाल झाला. संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. त्या दुसऱ्या यंत्राची खरेदी ठरल्यातच जमा होती. "तो तिसरा रकाना काढून टाक," ते म्हणाले. "अहवाल सुटसुटीत होईल." मी मान हलवली. बाहेर आल्यावर कळलं की मी होकार देऊन आले आहे.

घरी अप्पा म्हणाले, "सरांशी वाद नको, मगा." मगा म्हणजे लेकरा. मी हिनकलला गेले. खरं सांगायचं तर, अक्कासुद्धा तेच सांगतील या आशेनं गेले.

त्या साचा घासत होत्या. "कारखान्यात मला एकदा सांगितलं, हा माल पास लिही. मी नाय लिहिलं. दोन वर्षं पॅकिंगला टाकलं."

"वाईट गेली असतील."

"सुम्ने, उगाच काहीतरी बोलू नको. पॅकिंगमध्ये पंखा होता."

मग त्या पुन्हा घासायला लागल्या. मी काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

मी अहवाल इंग्रजीत लिहिला आणि तिसऱ्या रकान्यावर 'रिजिडिटी' असं नाव घातलं. शब्द बदलला, रकाना ठेवला. गुणांऐवजी गेजवरची मापं दिली. सर म्हणाले, "याचा तुझ्या मार्कांवर परिणाम होईल." मी म्हणाले, "होऊ द्या, सर." मार्गदर्शक निष्कर्षाशी सहमत नाहीत, असा शेरा मारून त्यांनी सही केली. कॉलेजनं टचस्क्रीनवालंच घेतलं. तुकडीत सर्वांत कमी गुण मला मिळाले.

मी प्रत घेऊन अक्कांकडे गेले. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी पान शोधलं, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि एका आकड्यावर त्या थांबल्या.

"हे तीस कसं? त्या दिवशी अठ्ठावीस घरं होती."

"सोपं दिसावं म्हणून, अक्का. दोनच घरं तर."

"कुणाला सोपं?" त्यांनी पान माझ्यापुढे सरकवलं. "ज्याच्याशी भांडायचं त्याचं माप जास्त जपून घ्यायचं, भाग्या. नायतर ते भांडण नव्हे, नुसता राग."

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले आणि ग्रंथालयात ठेवायची प्रत मागितली. आकडा दुरुस्त करायचाय म्हटल्यावर त्यांनी पान उघडून पाहिलं.

"हे तर आपल्या मशीनच्या बाजूनं आहे."

"हो, सर."

"मार्क वाढणार नाहीत आता."

"माहीत आहे."

त्यांनी खिशातलं पेन काढून पुढे केलं. मी तीस खोडलं, अठ्ठावीस लिहिलं आणि शेजारी माझी सही केली.