फाटकातला नवरदेव

नागपूरच्या इतवारीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या रुपराव वैरागडेचं लग्न मोडलं, ही बातमी त्याला रेडिओवरूनच कळली. तेव्हा त्याच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पदरात दोन लेकरं होती आणि बायको दुकानामागच्या खोलीत भाकरी थापत होती.

तसा रुपराव बातमीत यावा असा माणूसच नव्हता. गिऱ्हाईक आलं की तो रेडिओशी आधी बोलायचा, गिऱ्हाइकाशी नंतर, तेही जमलंच तर. भांडण त्याला झेपत नसे आणि खोटं बोलायला लागलं तर त्याचे कान लाल व्हायचे. अशा माणसाच्या लग्नाची चर्चा देशाच्या लोकसभेत व्हावी, हा सगळा प्रताप कळमेश्वरच्या वाटेवरल्या एका रेल्वे फाटकाचा.

सन सदुसष्टचा वैशाख. नवरी कळमेश्वरची, महादेवराव पाटलांची लेक जयवंता. मुहूर्त दुपारचा होता. नागपुरातून वऱ्हाड ट्रकमध्ये बसून वेळेवर निघालं आणि फाटकाशी येऊन थांबलं, कारण फाटक बंद होतं. थोड्या वेळानं कोळशाची मालगाडी आली. ती नुसती गेली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. पण पुढं सिग्नल पडला नव्हता, म्हणून ती नेमकी रस्त्यावर आडवी उभी राहिली आणि तशीच राहिली.

बॅंडवाल्यांनी आधी हौसेनं दोन गाणी वाजवली, मग ते ट्रकच्या खाली सावलीत जाऊन आडवे झाले. नवरदेव बाशिंग बांधून ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्याला ऊन लागेल म्हणून त्याची आई प्रयागबाई दर थोड्या वेळानं त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडत होती. फेटा नवा, रंग कच्चा. पाण्यासरशी गुलाबी ओघळ गालावरून शर्टावर उतरले. पुढं अंतरपाट दूर झाला तेव्हा जयवंतानं हा गुलाबी ठिपक्यांचा नवरा पाहिला आणि याला देवी तर आल्या नाहीत ना, असं तिला वाटलं.

ट्रकच्या मागं एक जीप अडकली होती. तीत होते खासदार भैयाजी, त्याच साली निवडून आलेले. माणूस दिलाचा चांगला, अंगानं भरदार आणि दुसऱ्याचं दुःख पाहिलं की लगेच डोळे भरून येणारा. ते उतरून ट्रकपाशी आले, नवरदेवाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "काय नाव तुमचं?"

"रुपराव."

"रुपराव, तुमचा हा मुहूर्त मी दिल्लीले घेऊन जातो."

रुपरावला वाटलं, हे पत्रिका मागताहेत. त्यानं मान हलवली.

फाटक उघडलं तेव्हा दुपारचा मुहूर्त टळून गेला होता. भटजींनी पंचांग चाळून संध्याकाळचा दुसरा काढून दिला. तोवर उन्हानं अन्न नासेल या भीतीनं गावची पंगत उठून गेली होती, वऱ्हाडाला गार वरण आणि बुंदी मिळाली. पण लग्न झालं, नीट झालं, आणि नवरी नांदायला आली.

भैयाजींनी शब्द पाळला. रेल्वेच्या अंदाजपत्रकावर चर्चा होती, तीत त्यांनी उठून सांगितलं की आमच्या भागात फाटकावर पूल नाही आणि त्यापायी एका नवरदेवाचा मुहूर्त चुकला. मंत्र्यांनी सांगितलं की माहिती घेतली जाईल. पेपरात चार ओळी आल्या. रुपरावनं त्या कापून दुकानाच्या भिंतीला चिकटवल्या आणि जयवंतानं शेजारणींना बोलावून दाखवल्या. "दिल्लीत माह्या लग्नाची गोष्ट निघाली," ती सांगायची.

पूल काही आला नाही. पुढच्या वर्षी भैयाजी सभागृहात पुन्हा बोलायला उभे राहिले. या खेपेला नवरदेव उन्हानं चक्कर येऊन पडला. रुपरावनं पेपर वाचला आणि म्हणाला, "पडलो नव्हतो मी."

"पडायलेच झाले होते तुमी," जयवंता म्हणाली. "मोठ्या मानसाच्या बोलन्यात थोडं इकडं तिकडं चालते."

त्यानंतर कधी नवरदेव दवाखान्यात गेला, कधी म्हाताऱ्या आईनं रुळांवर बसून आक्रोश केला. प्रयागबाईला ते वाचून दाखवलं तर तिला राग आला नाही. तिनं फक्त विचारलं, "म्हातारी कोन? मी?"

आणि मग तो दिवस आला. रुपराव एका गिऱ्हाइकाचा रेडिओ जोडून तपासत होता. स्टेशन लागतं का म्हणून त्यानं काटा फिरवला, तर दिल्लीच्या कामकाजाचा हिंदी वृत्तांत चालू होता. निवेदक शांत आवाजात सांगत होता की एका सदस्यानं सभागृहाचं लक्ष एका दुःखद घटनेकडं वेधलं. फाटक बंद राहिल्यामुळं वरात पोचली नाही, वधूपित्यानं त्याच मांडवात मुलगी दुसऱ्या मुलाला दिली, "और वह अभागा युवक आज तक अविवाहित है."

रुपरावनं आवाज कमी केला. पण मागच्या खोलीतली थापण्याची थापथाप आधीच थांबली होती. जयवंता पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"मले कोनाले देलं म्हंते तो?"

"नाव नाई सांगितलं," रुपराव म्हणाला.

"आन हे दोन पोट्टे कोनाचे आहेत?"

याचं उत्तर वृत्तांतात नव्हतं. रुपरावनं रेडिओ बंद केला.

आठवड्याभरात हुडकेश्वरहून एक शेतकरी दुकानात आला. स्वच्छ धोतर, हातात संत्र्यांची पिशवी, नाव गिरिधर. बराच वेळ त्यानं भिंतीवरच्या कात्रणाकडं पाहण्यात घालवला, मग घसा खाकरून म्हणाला, "भाऊ, ते फाटकातले नवरदेव तुमीच म्हने. रेडिओवर आयकून लय वाईट वाटलं. माह्या साळीची पोरगी आहे. रंगानं सावळी आहे, पन सुगरन. आन रेडिओ आयकते."

रुपरावचे कान खोटं न बोलताच लाल झाले. तेवढ्यात जयवंतानं चहाचा कप पाहुण्यापुढं ठेवला. "घ्या भाऊ, साखर पाह्यजे असन तर सांगा. आन मले येक सांगा, पोरीले सवत चालते का?"

गिरिधरनं चहा पिऊन टाकला, अगदी तोंड पोळेपर्यंत गरम असताना. जाताना संत्र्यांची पिशवी तो विसरला की मुद्दाम ठेवून गेला, ते कळलं नाही. लेकरांनी संत्री खाल्ली.

खरा भडका उडाला तो कळमेश्वरला. महादेवराव म्हणजे तिथल्या बाजारात चार लोक उठून रामराम करणारा माणूस. आता लोक रामराम करून झाल्यावर विचारू लागले, "पाटील, दिवाळीले तुमच्याकडं येते तो जावई कोन मंग?" महादेवराव मिळेल त्या बसनं नागपूरला आले आणि जावयाला म्हणाले, "चाला. ज्यानं मोडलं त्याच्याकडूनच लावून घेऊ."

भैयाजी घरीच भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग महादेवरावांना तक्क्याला टेकून बसवलं.

"पाटील, आयका. पयल्या साली मी जसं झालं तसं सांगितलं. सभागृहात पंखे फिरून राहिले होते, बाकी काही हालत नव्हतं. दुसऱ्या साली याले चक्कर आनली, तर मंत्र्यानं मान वर केली. आता लग्न मोडलं, तर त्यानं पेन काढला. मले सांगा, मी काय करू?"

"माह्या पोरीचं लग्न सोडून दुसऱ्या कोनाचं मोडा," महादेवराव म्हणाले.

"पूल होऊन राहिला, पाटील. फाटक पाह्याले समिती येनार आहे. दिल्लीची." भैयाजी रुपरावकडं वळले. त्यांचा आवाज मऊ झाला. "रुपराव, येक दिवस. नुसतं फाटकापाशी उभं राह्यचं. बोलाचं काहीच नाही. फक्त त्या दिवशी तुमच्या मंडळीले आनू नका."

जयवंताही त्यांच्या मागोमाग आली होती आणि दाराशी उभी होती. "म्हंजे मी येक दिवस नाईच म्हना," ती म्हणाली. "बरं. माहेरी जातो मी पोरं घेऊन. पन पूल झाला पाह्यजे."

ती इतक्या सहज कबूल झाली याचं रुपरावला नवल वाटलं आणि थोडी भीतीही.

समिती आली तेव्हा फाटकाच्या नागपूरकडच्या बाजूला शामियाना टाकला होता. पाणी, चहा, संत्र्याची बर्फी, सगळं होतं. समितीचे अध्यक्ष चष्मा लावलेले, उंच, हिंदी बोलणारे गृहस्थ होते. भैयाजींनी रुपरावला पुढं केलं. "यही वह युवक है."

अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रुपरावनं खाली पाहिलं. त्याला लाज वाटत होती, पण लांबून ते दुःखासारखंच दिसत होतं.

तेवढ्यात फाटक पडलं. भैयाजींचा चेहरा खुलला, कारण समितीला फाटक बंद झालेलं दाखवता आलं नाही तर काय, हीच त्यांची काळजी होती. मालगाडी आली आणि जणू सांगून ठेवल्यासारखी रस्त्यावर आडवी उभी राहिली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, चहा घेतला, बर्फी घेतली, पुन्हा घड्याळ पाहिलं. गाडी हलेना.

आणि गाडीच्या पलीकडून, दोन डब्यांच्या मधल्या फटीतून, एका लहान मुलीचा खणखणीत आवाज आला, "बाबा, आमी इकडं आहो."

रुपरावनं मान वर केली. पलीकडं महादेवरावांची बैलगाडी होती. गाडीत जयवंता, दोन्ही लेकरं आणि मांडीवर आणखी एक पोरगं. लेकरं हात हलवत होती.

"ये किसके बच्चे हैं?" अध्यक्षांनी विचारलं.

भैयाजी चटकन म्हणाले, "गाँव के हैं, साहब. बच्चे सबको बाबा बोलते हैं."

"बाबा, आईनं भाकरी आनली तुमच्यासाठी," पलीकडून आवाज आला.

आता सगळे रुपरावकडं पाहत होते. त्याचे कान तापले. त्यानं एकदा भैयाजींकडं पाहिलं, एकदा फटीकडं, आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब हिंदी वाक्य तो बोलला. "साहब, मेरे बच्चे हैं, वो मेरी औरत है, शादी हुई थी, सिर्फ देर से हुई."

भैयाजींना घाम फुटला, पण खासदारकी काही उगीच मिळत नाही. त्यांनी गाडीकडं हात केला. "देखिए साहब, इस फाटक ने आज भी पति-पत्नी को अलग कर रखा है."

अध्यक्ष हसले नाहीत. मात्र त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

गाडी हलली, फाटक उघडलं, बैलगाडी अलीकडं आली. जयवंता उतरली. तिनं डोक्यावर पदर घेतला, मांडीवरचं पोरगं कडेवर घेतलं आणि सरळ अध्यक्षांपुढं आली. "साहेब, माहं लग्न राहू द्या. हे पाहा. हे माह्या भावजयीचं पोरगं. मागच्या सालची गोष्ट. तिले नागपूरच्या दवाखान्यात नेऊन राहिलो होतो. फाटक बंद, गाडी आडवी. चौकीदाराच्या खोलीत बाळंत झाली ती. चौकीदाराच्या बायकोनं नाळ कापली."

कोणीतरी अध्यक्षांना हिंदीतून सांगितलं. त्यांनी वाकून पोराकडं पाहिलं. "नाम क्या है?"

"बारशाचं नाव वसंत," जयवंता म्हणाली. "पन गाव त्याले सिग्नल म्हंते."

पोरानं अध्यक्षांचा चष्मा ओढला. अध्यक्षांनी तो थोडा वेळ ओढू दिला. मग लोकांना धीर आला. दूधवाल्यानं नासलेल्या दुधाचं सांगितलं, मास्तरांनी परीक्षेचं, एका म्हाताऱ्यानं तर फाटकाशी संबंध नसलेल्या विहिरीचंही सांगून घेतलं. समितीच्या कारकुनाचा हात दुखायला लागला.

भैयाजी जयवंताला बाजूला घेऊन म्हणाले, "येवढी मोठी गोष्ट काहून सांगितली नाही वं बाई मले?"

"तुमी इचारलं कधी? तुमाले माहं लग्न मोडाचीच घाई होती."

पुढच्या अधिवेशनात भैयाजी बोलणार होते, त्या दिवशी रुपरावनं दुकानातला सगळ्यात चांगला रेडिओ लावून ठेवला. जयवंता शेजारी येऊन बसली. वृत्तांतात आलं की सदस्यानं सभागृहाला सांगितलं, त्या फाटकाशी एका मातेनं चौकीदाराच्या खोलीत जुळ्यांना जन्म दिला.

रुपरावनं आवाज बारीक केला.

"दुसरा कुठं ठेवला वैनीनं?" रुपरावनं विचारलं. जयवंता इतकी हसली की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

पूल मंजूर झाला. समितीच्या अहवालामुळं झाला की जुळ्यांमुळं, ते कोणी सांगू शकत नाही. मंजुरीनंतर मोजणी, मोजणीनंतर जमिनीचा वाद, वादानंतर सिमेंटची टंचाई, असं करत तो उभा राहीपर्यंत भैयाजी निवडणूक हरून घरी बसले होते. उद्घाटनाला व्यासपीठावर दुसरीच माणसं होती. भैयाजी लोकांत उभे राहिले. जयवंतानं त्यांना लांबून ओळखलं आणि आपल्या सतरंजीवर बोलावून भाकरी आणि ठेचा वाढला. त्यांनी भाषणं ऐकत ऐकत दोन भाकरी खाल्ल्या आणि कोण कुठं खोटं बोलतंय ते रुपरावला हळूच सांगत राहिले.

पुलाबद्दल तक्रार केली ती एकट्या महादेवरावांनी. त्यांचं म्हणणं असं की आधी फाटकाच्या धाकानं लेक-जावई मुक्काम करूनच जायचे. आता हात धुतले की निघतात. जावयानं ते ऐकून घेतलं, चपला पुन्हा ओसरीखाली ठेवल्या आणि परतीसाठी जुंपलेले बैल सोडायला गड्याला मदत करू लागला.