दोन घंट्या सुखरूप

आमच्या दादाला एखादं यंत्र नीट चाललेलं बघवत नाही. उघडून पाहिल्याशिवाय त्याचा त्यावर विश्वास बसत नाही, आणि त्याने एकदा उघडलं की आमचा बसत नाही.

दादा म्हणजे भीमराज, माझा थोरला भाऊ. पारनेरला मोजणी खात्यात नोकरीला. दिवसभर लोकांच्या बांधांची भांडणं मोजायची आणि संध्याकाळी घरी आला की चहाच्या आधी स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा. घरात आमची आई भामाबाई, दादाची बायको भारतीवहिनी आणि मी, सीमा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे वात्रट पोरं सांभाळायची मला सवय आहे. दादाचा नंबर त्यांच्यात पहिला.

आमच्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे. दादाने नळाखालच्या बादलीत दोन तारा सोडल्या आणि घरात भोंगा बसवला. पाणी आलं की भोंगा वाजायचा. गल्लीतल्या बायका त्याचं कौतुक करून थकेनात. मग एकदा भर उन्हात भोंगा बोंबलला, सगळी गल्ली हंडे-कळशा घेऊन धावली, तर नळ ठणठणीत कोरडा. तारांवर पाल पडली होती. त्या दिवशी बायकांनी जे काही न थकता म्हटलं, ते मी इथे लिहीत नाही.

मग त्याने पुण्याहून पेजर आणला. त्याची रेंज शिरूरच्या अलीकडे यायचीच नाही. तरी हा बाबा तो पट्ट्याला लावून ऐटीत हिंडायचा, आणि सुट्टीच्या दिवशी एम-एटी गाडी काढून पुणे रोडला रेंजमध्ये जाऊन उभा राहायचा. निरोप आला तर आला, नाहीतर उसाचा रस पिऊन परत. नव्व्याण्णव साल उजाडलं तेव्हा घरात जुना कॉम्प्युटर आला, मोडेम आला आणि इंटरनेट आलं. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या तारेवरून बोलायला लावणारी डबी. पुण्याचा नंबर लागला की ती आधी किंचाळायची, मग खरखरायची आणि मग बहुतेक वेळा बंद पडायची. ईमेलचा पत्ता दादाच्या ओळखीत एकाच माणसाकडे होता, पुण्याचा त्याचा मित्र राजस. तो उत्तर देईना तेव्हा दादा स्वतःच स्वतःला ईमेल पाठवायचा आणि दुसऱ्या दिवशी उघडून खूश व्हायचा.

आई म्हणायची, "सोताच सोताला इचारतोय, कसा हायेस म्हनून. आरं, मला इचार की. मी सांगते कसा हायेस ते."

त्या मोडेमच्या किंचाळण्याने आईच्या छातीत धडधडायचं. म्हणून दादाने त्याचा आवाज पार बंद करून टाकला. आईसाठी केलेली ही एवढी एक चांगली गोष्ट पुढे आमच्या मुळावर यायची होती.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की माणूस नुसता नादिष्ट. मलाही आधी तसंच वाटायचं. पण दादाच्या या वेडाला धार चढली ती नव्व्याण्णवच्या दोन वर्षं आधी.

वहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, काष्टीला गेली होती. दादा तेव्हा भंडारदऱ्याकडे मोजणीच्या कॅम्पवर होता. वहिनीला त्रास सुरू झाला तसा काष्टीहून एक माणूस एसटीने पारनेरला निरोप घेऊन आला. आम्ही तो निरोप कचेरीत पोचवला, कचेरीने अकोले तालुक्याच्या कचेरीला, तिथून कुणीतरी कॅम्पवर. दादा काष्टीला पोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मुलगा झाला होता, आणि तो राहिला नाही. त्याला माती देऊनही झाली होती. दादाने त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. तो परत आला आणि पहिलं काम केलं ते टेलिफोनच्या अर्जाचं. फोन आला त्या दिवशी पेढे वाटायचे सोडून तो त्या काळ्या डब्याजवळ बसून होता. मला तेव्हा रडू आलं होतं, आणि ते मी भाजीतल्या कांद्यावर ढकललं.

आता वहिनी पुन्हा काष्टीला होती, दिवस भरलेले. तिचे वडील कचरूमामा हा भला माणूस, पण बोटातून पाणी गळू देणार नाही असा. एसटीडी बूथवरून बोलायचं म्हणजे मीटर पडतं. त्यापेक्षा नुसती घंटी द्यायची आणि समोरच्याने फोन न उचलता समजून घ्यायचं, ही त्यांची पद्धत. तशी ती त्या काळी सगळ्यांचीच होती, मामांनी फक्त तिचं शास्त्र केलं होतं. दोन घंट्या देऊन फोन ठेवला तर सगळं सुखरूप. तीन घंट्या देऊन ठेवला तर असाल तसे निघा. चौथी वाजली तर तो परका माणूस, मग उचला.

दादा त्यांना म्हणाला होता, "मामा, या वेळी तरी बोला की. मी पैसे देतो."

"दोन घंट्यात काम हुतंय," मामा म्हणाले, "तर बोलायचं कशापाई?"

त्या शनिवारी दादाला सुट्टी होती. सकाळी राजस पुण्याहून कॉम्प्युटरवर फॅक्स पाठवणार होता, त्यासाठी दादाने मोडेमला शिकवून ठेवलं की दोन घंट्या वाजल्या की तू आपणहून फोन उचल. फॅक्स आला. राजसने कागदावर स्वतःच्या हाताचा पंजा काढून पाठवला होता. त्यातली तीनच बोटं पोचली, पण दादा असा नाचला की जणू राजस स्वतः तारेतून बाहेर आला. या आनंदात मोडेमला दिलेली शिकवण काढायची राहून गेली.

दुपारी आम्ही जेवत होतो आणि फोन वाजला. एक घंटी. दुसरी. आमचे घास हातात. मग शांत.

"सुटली!" आई ओरडली. "सुटली गं माझी बाय! दोन वाजल्या!"

तिने उष्ट्या हाताने माझ्या पाठीत धपाटा घातला. मग हात धुऊन भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि आमच्या तोंडात साखर कोंबली. दादा भिंतीला टेकून नुसता हसत होता. एवढ्यात फोन पुन्हा वाजला. पुन्हा दोनच.

"आनंदानं परत सांगत्यात," आई म्हणाली.

मग तिसऱ्यांदा. दोन घंट्या आणि गप्प.

माझ्या तोंडातली साखर विरघळेना. मी म्हटलं, "दादा, मामा एकदा सांगून झालेली गोष्ट तीन वेळा कशाला सांगतील?"

दादाने मोडेमकडे पाहिलं. त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"सीमा," तो म्हणाला, "ह्या घरात तिसरी घंटी वाजूच शकत नाही. दोन झाल्या की हे उचलतंय."

आईला ते कळलं नाही, पण दादाचा चेहरा कळला. ती मेणबत्तीपुढे खालीच बसली. म्हणजे मामांनी दोन दिल्या होत्या की तीन देत होते, हे सांगायला कुणीच नव्हतं. दादाने मोडेमची तार हिसडून काढली आणि काष्टीच्या बूथचा नंबर फिरवायला घेतला. शनिवार म्हणजे काष्टीचा बाजार. फोन सारखा एंगेज. शेवटी लागला. बूथवाला श्रीमंत बोलत होता आणि मागे बैलांच्या सौद्यांचा गलका.

"कचरूमामा हायेत का?"

"आत्ताच गेलं की," श्रीमंत म्हणाला. "टेम्पो करून गेलं. लई घाबरल्यालं हुतं. त्वांड पांढरंफटक!"

"कुठं गेले? काय झालंय?"

"त्ये न्हाई ठावं. मला हितं गिऱ्हाइकातनं मान वर काढाया सवड न्हाई." आणि त्याने फोन ठेवला.

कचरूमामा आणि भाड्याचा टेम्पो! जो माणूस मीटर पडू नये म्हणून लेकीच्या बाळंतपणाची बातमी घंटीवर देतो, तो टेम्पो करतो तेव्हा काय झालेलं असेल? वहिनीला दवाखान्यात हलवलं असणार, यात आम्हाला शंका उरली नाही. आईने आम्हाला हातानेच खूण केली, जा.

दादाने एम-एटी काढली, मी मागे बसले. सुप्याच्या पुढे वाऱ्यात त्याचा आवाज आला, "मीच तोडली गं तार. मीच." मी त्याच्या खांद्यावर हात दाबला. मला त्याचा राग आला होता आणि त्याची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की माझं डोकं उठतं. मनात एकच चाललं होतं: या वेळी तरी याला उशीर होऊ देऊ नका.

बेलवंडी फाट्यावर आम्ही वळणार, तोच समोरून एक टेम्पो धुरळा उडवत आला आणि करकचून थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी कचरूमामा. मांडीवर चादर, हातात पिशवी. आम्ही दिसताच ते खाली उतरले, जवळजवळ पडलेच. एरवी कुणीही भेटो, मामांच्या तोंडून पहिला शब्द 'जय भीम' असायचा. आज तो नाही.

"भारती कुठाय?" दादा ओरडला.

"भामाबाई गेल्या का वं?" मामा त्याच वेळी ओरडले.

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं.

"आईला काय झालंय?" मी म्हटलं. "आई चांगली आहे घरी. वहिनीचं सांगा!"

"भारतीला काय व्हायचंय?" मामा म्हणाले. "सकाळच्या पारी सुटली. पोरगी झाली. दोगी ब्येस हायेत, पोरगी दूध वढतीया. बूथवर बाजाराची गर्दी, दुपारी नंबर लागला तवा त्येच सांगाया घंटी दिली, तर दुसऱ्या घंटीला तुमच्याकडनं कुनीतरी फोन उचलला आन अशी किंकाळी फोडली, अशी किंकाळी! मी ठिवला. परत लावला, परत किंकाळी. तिसऱ्यांदा बी त्येच. म्हनलं, भामाबाईचं काय तरी बरंवाईट झालं आन घरात रडारड चाललीया. मग काय, बोलवंना कुनाशी. टेम्पो केला आन निघालो."

दादा टेम्पोच्या पायरीवर बसला. आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम. माझा जीव भांड्यात पडला. मी रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले आणि मनसोक्त रडले. या वेळी कांदा नव्हता आणि मला त्याची लाजही नव्हती.

मामांना मात्र अजून छडा लागला नव्हता. "पर वराडत कोन हुतं?"

"माणूस नव्हतं मामा, मशीन होतं," दादा डोळे पुसत म्हणाला. "घरातला आवाज मी बंद केलाय, पण दोन घंट्या झाल्या की तारेवर ते बोलतं."

"त्येला बोलनं म्हंत्यात व्हय? आन उचलायचा न्हाई असं ठरलं हुतं ना आपलं? त्या मशिनीला कुनी सांगितलं न्हाई का?"

टेम्पोवाला हसून हसून स्टेअरिंगवर आडवा झाला. मामांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं, कारण भाडं चालूच होतं.

आई घरी एकटी होती. फाट्यावरच्या बूथवर दादाने नंबर फिरवला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की दोन घंट्यांवर आई आता विश्वास ठेवणार नाही, आणि तिसरी वाजली तर भीतीनेच जाईल. तो रिसीव्हर धरून घाबरला. पण पहिली घंटी पुरी व्हायच्या आत तिकडे फोन उचलला गेला. ती फोनवर हात ठेवूनच बसली होती.

"आई, पोरगी झाली. दोघी चांगल्या आहेत," दादा म्हणाला. मग तो बराच वेळ नुसता ऐकत होता. आई काय बोलली हे त्याने मला सांगितलं नाही. मामांनीही या वेळी मीटरकडे पाहिलं नाही.

टेम्पो पुढे आणि आम्ही मागे, असे काष्टीला पोचलो. वहिनीची आई रंगुबाई दारातच होती. तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आम्हाला आत घेतलं. वहिनी खाटेवर होती, चेहरा उतरलेला पण डोळे हसरे. कुशीत दुपट्यात गुंडाळलेली पोरगी. आम्ही आत जायला आणि तिने भोकाड पसरायला एकच गाठ. आधी बारीक किंचाळली, मग घशातून खरखरली.

मामा दारातून ओरडले, "ह्योच! ह्योच आवाज हुता फोनात!"

सगळी हकीकत ऐकून वहिनी पोट धरून हसली. टाके दुखले म्हणून रडली आणि पुन्हा हसली. मग पोरगी तिने दादाच्या हातात दिली. तारा, स्क्रू, डब्या लीलया हाताळणारा माणूस, पण पोरीचं डोकं कसं धरायचं हे त्याला रंगुबाईने दाखवावं लागलं. मग वहिनी हळू म्हणाली, "मागल्या टायमाला निरोप खरा हुता, पर तुमी उशिरा आलात. ह्या टायमाला निरोप चुकला, आन तुमी आलात."

मला वाटलं, आता दादा मोडेमबद्दल काहीतरी सांगत बसणार. आवाज का बंद केला होता, पुढच्या वेळी काय करता येईल, वगैरे. पण तो पोरीचं तोंड बघत होता. रंगुबाईने चहा आणून ठेवला, तो निवला, तिने दुसरा आणला, तोही निवला, तरी बघतच होता.